रविवारची सुई

रविवारी आमच्याकडे मटण असायचं.
सकाळी सातला हे स्वतः पिशवी घेऊन निघायचे,
सौदागरांच्या दुकानापुढं उभं राहून
नळी मागायचे, चाप मागायचे,
आणि पाव किलो जास्तच आणायचे,
कुणी आलंच तर म्हणून.
कुणी येत नसे. ते पाव किलोही हेच खायचे.

आता रविवारी सुई असते.
फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी,
मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेलं निळं पेन.
आंघोळ करून, देवाला फूल वाहून
हे बनियन वर करतात,
पोटाची चिमूट धरतात
आणि माझ्याकडे बघतात.
मी मोजते, एक ते दहा.
तीस वर्षांत हे पोट
मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

पहिला महिना मळमळीत गेला.
कांदा परतला की हे उठून गॅलरीत.
ज्या वासावर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे
तो वास नको झाला.
मी कमी करायला शिकले,
पण हाताला कळेना.
डब्यात गेला की तो आपोआप
सहा भाकरींचं पीठ काढायचा,
चार यांच्या, दोन माझ्या.
यांना अर्धी पुरायची.
उरलेल्यांचा कुस्करा करून मीच खायची.
यांचं सहा किलो उतरलं,
माझं दोन किलो चढलं.

कवठ्याहून आक्का आल्या, पुरण घातलं.
भावानं पोळीचा चतकोर मोडला आणि ताट सरकवलं.
आक्का मोरीत जाऊन रडल्या.
मी म्हटलं, औषध चालू आहे, भूक कमी व्हायचं.
"असलं औषध असतंय होय?" डोळे पुसत म्हणाल्या,
"आमची आई वैद्याकडनं
भूक लागायचं आणायची."

मार्केट यार्डात सौद्याला
हे बेदाण्याची मूठच्या मूठ तोंडात टाकायचे
आणि चावता चावता भाव बोलायचे.
आता एकच दाणा.
जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात,
हमाल ताटकळतात.
"आंबूस आहे," म्हणतात. "गंधक जास्त झालंय."
तेवीस वर्षं कळलं नव्हतं, म्हणाले,
नुसतं गिळत होतो.

मीठ कमी आहे, हे आता कुणी म्हणत नाही.
कालवण पातळ झालं, कुणी म्हणत नाही.
एकदा मुद्दाम खारट केलं.
दोन घास खाल्ले, पाणी प्यायले, उठले.
मी भांडायला पदर खोचून बसले होते.

केतकीनं फोनवर विचारलं,
"आई, तुला काय आवडतं गं? मागवून देते."
मला सांगता येईना.
वांगं यांना आवडतं, कृष्णाकाठचं, काटेरी देठाचं.
श्रीखंड तिला आवडतं.
फोन ठेवल्यावर कितीतरी वेळानं
आटपाडीची चूल आठवली,
हुलग्याचं माडगं, वर गुळाचा खडा,
वाटी तोंडाला लावून प्यायचं.
लग्नानंतर एकदाच केलं होतं.
"घोड्याचं खाणं," म्हणाले होते हे,
आणि सगळे हसले होते. मीसुद्धा.

संध्याकाळी विश्रामबागेतून फिरून येताना
भडंगच्या दुकानाशी यांची पावलं वळायची.
आता माझी वळतात.
छोटी पुडी, लसूण जास्त.
हे शेजारी उभे राहतात, पाकीट काढतात,
मी खाते ते बघतात,
जुनं गाव बसमधून बघावं तसं.

डॉक्टर म्हणाले, सुई बंद केली
तर भूक परत यायची बहुतेक.
आम्ही दोघं खाली बघत बसलो.
परतताना बसमध्ये
कुणी काही बोललं नाही.

माळ्यावरचं मोठं पातेलं
मी मोडीत दिलेलं नाही.
लहानही एक आणलंय, माझ्यापुरतं.

आज बुधवार.
हुलगे निवडायला घेतलेत.
हे समोर येऊन बसले, चष्मा लावून,
अर्धे आपल्याकडे ओढले.
खडे फार आहेत या खेपेला.